मोहोळांचे स्थलांतर आणि घरगुती शोषणयंत्र

खानदेश म्हटले म्हणजे केळी आणि कपाशी यांचीच आठवण प्रथम होते. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतील केळीच्या बागा, तापी व गिरणेच्या खोऱ्यांतील काळी कसदार जमीन, धुळे-साक्रीकडील कांदा आणि डाळिंब हे या भूमीचे वैभव होय. परंतु या वैभवाला हातभार लावणारा एक मूक मजूरवर्ग आहे आणि त्याची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही. तो वर्ग म्हणजे मधमाश्यांचा. गावातील पडक्या वाड्याची भिंत, शेतातील जुन्या विहिरीची कपार, बांधावरच्या निंबाची ढोली, धाब्याच्या घराचे सर, पाण्याच्या उंच टाकीचा तळ अशा ठिकाणी त्यांचा संसार चाललेला असतो. माणसाचा आणि त्यांचा संबंध येतो तो बहुधा भांडणाच्या निमित्तानेच. कोणाला डंख झाला, शाळेच्या आवारात पोळे लागले किंवा अंत्ययात्रेतील धुराने माश्या उठल्या, की मोहोळ नष्ट करण्याची तयारी सुरू होते. रात्री पलिते पेटवून मोहोळ जाळले जाते, नाहीतर पिकावर फवारायचे कीटकनाशक त्यावर मारले जाते.

या दोन्ही उपायांत नुकसान दुहेरी आहे. पलित्याची ठिणगी वाळलेल्या झाडाला अथवा जवळच्या कडब्याच्या गंजीला लागू शकते. औषध मारलेल्या पोळ्यातील मध खाण्यास निरुपयोगी ठरतो आणि तो लुटण्यास येणाऱ्या आसपासच्या इतर वसाहतींतील माश्याही विषबाधेने मरतात. शिवाय नुसत्या माश्या मारून पोळे भिंतीतच राहू दिले, तर त्यातील मध व मेण उन्हाळ्यात पाझरू लागते, मेलेल्या अळ्या कुजतात आणि मुंग्यांची रांग लागते. म्हणून मोहोळ मारण्याऐवजी ते उचलून दुसरीकडे नेणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. हे काम कौशल्याचे असले तरी अशक्य कोटीतील नाही. त्यासाठी हवेच्या शोषणावर चालणारे एक साधे घरगुती यंत्रही बनविता येते. अमेरिकेतील व युरोपातील मधपाळ घर झाडण्याच्या विजेच्या यंत्राला प्लायवूडची पेटी जोडून ते अनेक वर्षांपासून वापरीत आले आहेत.

आधी माशी ओळखावी

यंत्राकडे वळण्यापूर्वी समोरची माशी कोणती, हे ठरविणे अत्यंत आवश्यक आहे. सर्व मधमाश्या पेटीत राहणाऱ्या नव्हेत, आणि येथे चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते.

महाराष्ट्रात आढळणाऱ्या मधमाश्यांत आकाराने सर्वांत मोठी ती आग्या. तिचे एकच विस्तीर्ण पोळे उंच झाडाच्या फांदीला, कड्याला, पुलाच्या कमानीला अथवा इमारतीच्या सज्जाला उघड्यावर लोंबकळते. त्याची रुंदी हाताहून अधिक भरते आणि त्यावर पन्नास हजारांहून अधिक माश्या असू शकतात. खानदेशच्या सीमेलगत असलेल्या अजिंठ्याच्या कड्यांवरील आग्या मोहोळे तेथे जाणाऱ्या प्रवाशांस परिचित आहेत. आग्या उघड्या हवेत, उजेडात राहणारी माशी आहे. अंधाऱ्या पेटीत ती टिकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात फ्रँक बेंटन नावाचा अमेरिकन मधपाळ ही माशी पाळण्यासाठी आपल्या देशी नेता यावी म्हणून आशियात येऊन गेला. तिला माणसाळविण्याचा त्याचा प्रयत्न सफल झाला नाही आणि पुढे इतरांनाही ते साधले नाही.

दुसरी फुलोरी. ही सर्वांत लहान आकाराची. कुंपणाच्या झुडपात किंवा लिंबाच्या फांदीभोवती तळहाताएवढे एकच पोळे ती बांधते. हिचेही पेटीत पालन होत नाही. मात्र तिची वसाहत हलविणे सोपे असते. सायंकाळी पोळ्यासह फांदी अलगद कापून दूरच्या झाडाच्या सावलीत तशीच बांधून ठेवली की काम झाले. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

तिसरी सातेरी. अंधाऱ्या पोकळीत एकाला एक समांतर अशी सहा-सात पोळी बांधणारी ही माशी होय. सात पोळ्यांची म्हणून सातेरी, असे सांगितले जाते. सातपुड्याच्या नावाची व्युत्पत्तीही लोक सात घड्यांवरूनच लावतात. तेव्हा त्या डोंगराच्या पायथ्याशी ही माशी भेटावी, हे गमतीचे म्हटले पाहिजे. सातेरीला मुळातच पोकळीत राहण्याची सवय असल्यामुळे ती लाकडी पेटीत नांदते. तिच्याशिवाय परदेशातून आणलेली मेलिफेरा ही पाळीव माशी आहे. तीही पोकळीतच पोळी बांधते. पुढे वर्णन केलेले शोषणयंत्र मुख्यत्वे सातेरीसाठी, आणि क्वचित पेटीतून उडून भिंतीत शिरलेल्या मेलिफेराच्या थव्यासाठी आहे. आग्याच्या मोहोळाजवळ ते कोणी कदापि नेऊ नये.

यंत्राची रचना

ज्यांनी खानदेशातील आधुनिक जिनिंग कारखाना पाहिला आहे, त्यांना या यंत्राचे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. तेथे अंगणातील कपाशी रुंद नळातून हवेच्या ओढीने थेट यंत्रापर्यंत पोहोचते. पंखा एका टोकाला हवा बाहेर फेकतो, त्यामुळे नळात हवेचा दाब कमी होतो आणि दुसऱ्या टोकाकडून आत येणारी हवा कपाशीला आपल्याबरोबर ओढून आणते. कपाशीच्या जागी माशी आहे एवढाच फरक. अर्थात कपाशी आदळली तर तिला इजा होत नाही, माशीला होते. या यंत्राची सारी कारागिरी या एका फरकात आहे.

यंत्राचे भाग तीन. एक हवा ओढणारी मोटार, दुसरी माश्या साठविण्याची पेटी आणि तिसरी नळी. मोटार घरगुती झाडणयंत्राची चालते. पेटी प्लायवूडची अथवा घट्ट झाकणाच्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्याची करता येते. तिच्या एका बाजूस माश्या आत येण्याची नळी बसवावी आणि समोरच्या बाजूस मोटारीकडे जाणारी नळी. या दोहोंच्या मध्ये, मोटारीच्या बाजूला, बारीक छिद्रांच्या तारेच्या जाळीचा पडदा असलाच पाहिजे. त्यामुळे हवा पलीकडे जाते, माश्या अलीकडे राहतात आणि एकही माशी पंख्यापर्यंत पोहोचत नाही. सातेरी आकाराने लहान असल्यामुळे जाळीची छिद्रे सुमारे दोन मिलिमीटरपेक्षा मोठी नसावीत. जाळीचे क्षेत्र मात्र शक्य तितके विस्तृत ठेवावे. ते लहान असेल तर माश्या जाळीवर चिकटून राहतात, हवेचा मार्ग बंद होतो आणि खालच्या माश्या वरच्यांच्या भाराने गुदमरतात.

माश्या आत येऊन जेथे आदळतात, त्या भिंतीवर स्पंजाचा जाड तुकडा लावावा. नळी आतून गुळगुळीत असावी. झाडणयंत्राबरोबर येणारी वळ्यावळ्यांची नळी सोयीची वाटते, पण तिच्या आतील कडांवर माश्यांचे पंख आणि पाय मोडतात. दीड ते दोन इंच व्यासाची साधी प्लास्टिकची नळी घ्यावी आणि तिची लांबी कामापुरतीच ठेवावी. जळगाव हे प्लास्टिकच्या नळ्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असल्याने या भागासाठी तरी अडचण पडू नये.

ओढ नियंत्रित करणारे छिद्र हा सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि नवशिक्याकडून नेमका तोच राहून जातो. झाडणयंत्राची ओढ धूळ खेचण्यासाठी आखलेली असते. ती तशीच वापरली तर माशी नळीतून गोळीसारखी जाईल आणि आत मरून पडेल. म्हणून पेटीच्या मोटारीकडील भागाला एक मोठे छिद्र पाडून त्यावर सरकते झाकण बसवितात. छिद्र उघडे असले की मोटार बाहेरची हवा तेथूनच ओढते आणि नळीतील ओढ मंदावते. काम सुरू करताना हे झाकण पूर्ण उघडे ठेवावे आणि पोळ्यावरील माशी जेमतेम सुटून येईल इतकेच ते हळूहळू बंद करीत जावे. सुटण्यासाठी लागते त्याहून अधिक ओढ म्हणजे निव्वळ हानी.

खेड्यात वीज मध्येच जाते, याचीही तरतूद हवी. ओढ थांबताच पेटीतील माश्या आल्या वाटेने, आणि साहजिकच संतापून, बाहेर पडू लागतात. नळीच्या तोंडाला बसेल असे बूच दोरीने यंत्रालाच बांधून ठेवावे.

प्रत्यक्ष काम

स्थलांतराची वेळ निवडणे निम्मे काम होय. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. मोहोळाच्या अंतर्भागाचे तापमान माश्या पंखांनी वारा घालून आणि पाणी आणून सुमारे ३४-३५ अंशांवर राखतात. ही व्यवस्था मोडून, मऊ झालेली पोळी कापून, बंद पेटीत हजारो माश्या कोंबल्या तर वसाहत वाचणे कठीण. उलट पावसाळा सरल्यावर किंवा थंडीच्या अखेरीस, फुलोरा असताना हलविलेली वसाहत लवकर सावरते. नाइलाजाने उन्हाळ्यात काम करावे लागलेच तर ते सूर्यास्ताच्या सुमारास करावे.

अंगात जाड सैल कपडे, तोंडावर जाळीचा बुरखा, हातमोजे आणि पायांत बूट हा पोशाख अनिवार्य आहे. मधपाळाच्या धुराड्यातून गोवऱ्या किंवा जुने गोणपाट जाळून थंड, पांढरा धूर मोजकाच द्यावा. भिंतीचा किंवा लाकडाचा आडोसा काढून पोळी उघडी केल्यावर प्रथम बाहेरच्या पोळ्यांवरील माश्या नळीने ओढून घ्याव्यात. मग एकेक पोळे वरून कापून काढावे. मधाने भरलेला भाग वेगळ्या झाकणाच्या भांड्यात ठेवावा. मध सांडून माश्या माखल्या आणि त्या तशाच यंत्रात गेल्या तर एकमेकींस चिकटून मरतात.

अंडी, अळ्या आणि कोष असलेला भाग मात्र जपून ठेवावयाचा असतो. तोच वसाहतीचा उद्या. पेटीच्या लाकडी चौकटीच्या मापाने तो कापून, होता तसाच वरची बाजू वर ठेवून, चौकटीत बांधतात. बांधण्यासाठी केळीच्या सोपटाचा दोर उत्तम. सुतळी किंवा तार मऊ मेणात रुतते, सोपटाची पट्टी रुंद असल्यामुळे रुतत नाही. माश्यांनी पोळे मेणाने चौकटीला जोडून घेतले की त्या हा दोर स्वतःच कुरतडून टाकतात. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला ही वस्तू विकत आणावी लागत नाही.

राणीमाशी यंत्रात जाऊ नये यासाठी डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे. ती कामकरी माश्यांपेक्षा लांब, गर्द रंगाची असते आणि उजेड पडताच पोळ्याच्या अंधाऱ्या बाजूस पळते. दिसताच तिला बारीक जाळीच्या लहानशा डबीत धरून नव्या पेटीतील चौकटींमध्ये ठेवावे. राणी जेथे, तेथे वसाहत.

यंत्रात माश्या वीस मिनिटांपेक्षा अधिक काळ ठेवू नयेत. घाबरलेल्या माश्या बंद जागेत भराभर तापतात, पोटातील मध ओकतात आणि ओल्या होऊन मरतात. पेटी जड झाली की काम थांबवावे, माश्या नव्या पेटीत झटकाव्यात आणि पुन्हा सुरू करावे. सातेरीच्या मध्यम वसाहतीत दहा ते वीस हजार माश्या असतात, त्यामुळे दोन-तीन खेपा सहज होतात.

येथे हेही सांगितले पाहिजे की यंत्र हे अपरिहार्य नाही. विहिरीच्या कपारीत किंवा झाडाच्या ढोलीत हात पोचत असेल तर कसलेला मधपाळ मऊ ब्रश आणि एखादी वाटी घेऊन, विजेशिवाय, हेच काम कमी हानीने करतो. यंत्राचा खरा उपयोग भिंतीच्या चिंचोळ्या पोकळीत, वीजमीटरच्या पेटीमागे किंवा शाळा-दवाखान्यासारख्या ठिकाणी होतो. तेथे उडालेली प्रत्येक माशी कोणाला तरी डसण्याचा संभव असतो. यंत्र आहे म्हणून सरसकट वापरणे योग्य नव्हे.

नवी जागा

पेटी जुन्या जागेपासून किमान तीन किलोमीटर दूर न्यावी. माशी आपल्या घराची खूण परिसरावरून बांधते. जवळच ठेवली तर चरावयास गेलेल्या माश्या जुन्याच भिंतीकडे परततात आणि तेथे घोळका करून राहतात. रात्री नेलेली पेटी झाडाच्या सावलीत, मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्याच्या वाट्यांत पाय ठेवलेल्या घोडीवर ठेवावी. जवळ स्वच्छ पाणी असावे. सातेरीचा एक दोष असा, की जागा न रुचल्यास ती पोळी टाकून निघून जाते. म्हणून पहिले काही दिवस प्रवेशद्वारावर राणीला अडविणारी पट्टी लावतात आणि समभाग साखर-पाण्याचा पाक देतात. कामकरी माश्या पराग आणू लागल्या म्हणजे वसाहत रुळली असे समजावे.

अशी पेटी शेतात असणे म्हणजे काय, हे कांद्याचे बियाणे घेणाऱ्यास विचारावे. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतो आणि स्त्रीकेसर नंतर, त्यामुळे ते फूल स्वतःच्याच परागाने फळत नाही. पराग इकडून तिकडे नेणारी माशी नसेल तर गोंडा भरत नाही. सूर्यफूल, कलिंगड, कारली, शेवगा, लिंबू यांनाही तिची मदत होते. केळीला मात्र ती लागत नाही, कारण केळीचे फळ परागीभवनाविना धरते. तरीही केळफुलातील मधुरसासाठी माश्या बागेत गर्दी करतात. पेटीधारकाने शेजाऱ्यांना एवढेच सांगावे, की फुलोऱ्यातील पिकावर फवारणी टाळता येत नसेल तर ती सायंकाळी, माश्या घरी परतल्यावर करावी.

आग्याचे काय?

गावकऱ्यांची भीती बहुतेक वेळा आग्याचीच असते आणि ती निराधार नाही. परंतु आग्या ही भटकी माशी आहे. परिसरातील फुलोरा संपला की ती पोळे सोडून जाते. मोहोळ माणसाच्या वावरापासून दूर किंवा पुरेसे उंच असेल तर त्याखाली धूर, फटाके, दगडफेक होणार नाही याची खबरदारी घेऊन काही आठवडे थांबणे हाच उपाय. माश्या गेल्यावर रिकामे पोळे काढून जागा खरवडून धुवावी, कारण दरसाल त्याच जागी परत येण्याची त्यांची रीत आहे. शाळा-रुग्णालयासारख्या ठिकाणी थांबणे शक्य नसेल तर प्रशिक्षित माणसासच बोलवावे.

सातपुड्यातील पावरा, भिल्ल बांधव पिढ्यान्‌पिढ्या आग्याचा मध काढीत आले आहेत आणि वनहक्क अधिनियम, २००६ मध्ये मधाची गणना गौण वनोपजांत झालेली आहे. पलित्याने मोहोळ जाळून मध काढला तर एकदाच मिळतो. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने गोपाळ पालीवाल यांच्या पुढाकाराने अहिंसक मधसंकलनाची पद्धत विकसित केली. संरक्षक पोशाख घालून केवळ मधाचा भाग कापावयाचा आणि अंडी-अळ्यांचा भाग जागीच ठेवावयाचा, ही ती पद्धत. मेळघाटातील मधसंकलकांस तिचे शिक्षण देण्यात आले. त्याच मोहोळात माश्या पुन्हा मध साठवितात.

डंख झाल्यास नांगी लागलीच नखाने खरवडून काढावी. नांगीबरोबर जो इशाऱ्याचा गंध सुटतो, त्यातील प्रमुख द्रव्य आयसोपेंटाइल ॲसिटेट हे आहे, आणि पिकल्या केळ्याच्या वासातही तेच असते. मोहोळाजवळ जाण्यापूर्वी केळे खाऊ नये असे मधपाळ सांगतात ते यामुळे. केळीच्या मुलखात हे विशेष ध्यानात ठेवावे. माश्या मागे लागल्यास तोंड झाकून सरळ बंद खोलीकडे धावावे. विहिरीत उडी घेणे घातक, कारण माश्या पाण्यावर घिरट्या घालीत थांबतात. अनेक डंख झाले असतील, चेहरा सुजत असेल किंवा श्वास लागत असेल तर विनाविलंब रुग्णालय गाठावे.

शिक्षण कोठे मिळेल?

पुण्यात १९६२ पासून कार्यरत असलेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि महाबळेश्वर येथील, महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय या दोन संस्था मधमाशीपालनाचे शिक्षण देतात. मंडळाच्या मधकेंद्र योजनेत साहित्याचा निम्मा खर्च अनुदानरूपाने मिळतो, निम्मा लाभार्थ्याने घालावयाचा असतो. महाबळेश्वरजवळील मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले ते याच मंडळाच्या उपक्रमातून. शहरी वस्तीतील मोहोळे न मारता हलविण्याचे काम पुण्यात अमित गोडसे यांच्या ‘बी बास्केट’ने लोकांपुढे आणले. धुळे-जळगावच्या इच्छुकांनी मंडळाच्या जिल्हा कार्यालयाशी संपर्क साधावा. पेटी हाताळण्याचे प्राथमिक शिक्षण घेतल्याविना कोणीही यंत्र घेऊन भिंत फोडावयास जाऊ नये.

स्थलांतरानंतर जुनी पोकळी तशीच सोडणे ही सर्वत्र आढळणारी हयगय आहे. मेणाचा वास भिंतीत मुरलेला असतो आणि पुढच्या हंगामात दुसरा थवा नेमका तेथेच येऊन बसतो. उरलेले मेण खरवडून काढावे, जागा साबणाच्या पाण्याने धुवावी, वाळू द्यावी आणि फट सिमेंटने किंवा मातीने पक्की बुजवावी. खरवडलेले मेण फेकू नये. ते वितळवून एखाद्या रिकाम्या मधपेटीला आतून चोळावे आणि ती पेटी थव्याच्या हंगामात बांधावरच्या सावलीत टांगून ठेवावी. पुष्कळदा सातेरीचा फिरता थवा अशा पेटीत आपण होऊन मुक्कामाला येतो. मग भिंत फोडण्याचे आणि यंत्र चालविण्याचे कारणच उरत नाही.